शब्दासमोर शब्द नको

‘शुक्रवारपर्यंत फी भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ग्रंथालय बंद राहील’ या दोन सूचना शाळेच्या फळ्यावर एकीखाली एक लिहिलेल्या असल्या, तरी मराठी वाचणाऱ्याला त्यांत काही खटकत नाही. ‘पर्यंत’ दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे चपखल बसले आहे. याच सूचना इंग्रजीत लिहायची वेळ आली की मात्र हात थबकतो. फी एकदाच भरायची असते. शुक्रवार संपायच्या आत कधीही भरली तरी चालते. तिथे ‘बाय फ्रायडे’ हवे. ग्रंथालय मात्र शुक्रवार येईतो सलग बंदच राहणार असते. तिथे ‘टिल फ्रायडे’ हवे. ‘पे द फीज टिल फ्रायडे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटावे की शुक्रवार उजाडेपर्यंत रोज फी भरत राहायचे आहे.

ही चूक पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाही. ‘बाय’ आणि ‘टिल’ हे दोन्ही शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. वहीत दोन्हींसमोर ‘पर्यंत’ असे लिहिलेले असते, आणि घोटाळा तिथेच झालेला असतो. मराठी माणसाची हमखास गल्लत होते अशा इंग्रजी शब्दांची ओळख या पुस्तकात करून दिली आहे, आणि त्यामागचे म्हणणे एवढेच आहे: शब्दासमोर शब्द लिहून शिकले की गोंधळ पदरात पडतो, वाक्यासमोर वाक्य ठेवून शिकले की त्यातला बराचसा गोंधळ उद्भवतच नाही.

असल्या शब्दांची पुस्तके इंग्रजीत उदंड आहेत. मग हे नवे कशाला, असे कोणीही विचारील. उत्तर असे की त्या पुस्तकांतली यादी आपली नसते. इंग्रजी ही ज्यांच्या घरची भाषा आहे, ती मुले शब्द आधी कानाने शिकतात आणि अक्षरे मागाहून. त्यामुळे त्यांची गल्लत होते ती सारख्या उच्चाराच्या शब्दांत. ‘त्यांचे’ या अर्थाचा ‘देअर’ आणि ‘तिथे’ या अर्थाचा ‘देअर’ यांचे स्पेलिंग शिकलेसवरलेले इंग्रजही उलटसुलट करतात. मराठी माध्यमातल्या मुलाचा प्रवास उलट दिशेने होतो. शब्द त्याच्यापुढे येतो तो फळ्यावर, स्पेलिंगसकट. म्हणून तो ‘देअर’ सहसा चुकवत नाही. पण ‘मी किल्ल्या शोधतोय’ हे सांगताना ‘आय ॲम फाइंडिंग माय कीज’ म्हणून मोकळा होतो. ही चूक इंग्रज मुलाच्या स्वप्नातही यायची नाही, त्यामुळे त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात तिला जागाही नसते.

गंमत अशी की इथे मराठी आडवी येत नाही, उलट तीच सोडवू शकते. शोधणे वेगळे आणि सापडणे वेगळे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘फाइंड’ म्हणजे सापडणे. ‘मला किल्ल्या सापडतायत’ असे कोणी म्हणत नाही, मग ‘आय ॲम फाइंडिंग’ कसे चालेल? ‘हिअर’ आणि ‘लिसन’चेही तसेच. वहीत दोन्हींसमोर ‘ऐकणे’ लिहिलेले असते आणि मग जन्मभर चाचपडणे. वास्तविक ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे आणि ‘लिसन’ म्हणजे ऐकणे. शेजारच्यांचे भांडण ऐकू येते; ते ऐकायचे की नाही, हे आपण ठरवतो. ‘सी’ म्हणजे दिसणे आणि ‘लुक’ म्हणजे बघणे, असे धरून चालले तर दहातल्या आठ वाक्यांत अडत नाही. बँक लुटतात आणि पैसे चोरतात. ‘बँक चोरली’ असे आपण म्हणत नाही. ‘रॉब’ आणि ‘स्टील’ यांत तोच भेद आहे. जो फरक इंग्रजीने वेगळ्या शब्दांत ठेवला, तो मराठीने अनेकदा वाक्याच्या घडणीत ठेवला आहे. सुटा शब्द उचलून आणला की ती घडण मागे राहते.

आपली भाषा आपण कशी शिकलो, हे आठवून पाहिले तर उपाय आपोआप सुचतो. साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, चष्मा लावतात. इंग्रजीत या सगळ्याला एकटे ‘वेअर’ पुरते. नारळ फोडायचा, भाजी चिरायची, गाजर किसायचे, पेन्सिल तासायची आणि केस कापायचे, हे मराठी मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षीच पक्के झालेले असते. ‘नेसणे’ आणि ‘घालणे’ यांतला फरक सांगा, असे त्याच्या आईला विचारले तर तीही क्षणभर अडखळेल. तरीही ‘शर्ट नेसला’ असे दोघांच्याही तोंडून चुकून निघणार नाही. व्याख्या कोणी सांगितली नव्हती. ‘नेसणे’ कानावर पडले ते दर वेळी साडी, लुगडे, धोतर यांच्या सोबतीने. ती सोबत म्हणजेच संदर्भ. जाणकार परदेशी माणसाला मात्र हेच क्रियापद शिकताना घाम फुटतो, कारण त्याच्या वहीत ‘नेसणे’समोर ‘वेअर’ आणि ‘घालणे’समोरही ‘वेअर’ लिहिलेले असते. त्याची अडचण आणि आपली अडचण एकच आहे.

शब्दाला त्याच्या सोबतीवरून ओळखावे, हा विचार भाषाशास्त्रात जे. आर. फर्थ यांच्या नावाशी जोडला जातो. हे फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांचा सगळा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: या कोशांची कल्पना इंग्लंडबाहेर, इंग्रजी ज्यांची नाही अशांच्या वर्गांत रुजली. मायकेल वेस्ट ढाक्याला अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी सोप्या वाचनमाला तयार केल्या, आणि पुढे १९३५ साली जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर एक कोश काढला. त्यातल्या साऱ्या व्याख्या १४९० शब्दांच्या मर्यादेत लिहिलेल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली तिथेच छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ साली काढला आणि आज आपल्या दुकानांत मिळणाऱ्या जाडजूड ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोशाचा तो पूर्वज ठरला. शब्द कोणत्या रचनेत बसतो, त्याच्यापुढे काय येते, हे सांगणे हॉर्नबींना अर्थाइतकेच महत्त्वाचे वाटले, कारण जपानी विद्यार्थी अडत होते ते नेमके तिथेच.

त्यानंतरचे मोठे पाऊल १९८७ चे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके, वर्तमानपत्रे, संभाषणे यांतला खराखुरा मजकूर संगणकात साठवला. एकेक शब्द जिथे जिथे आला ती वाक्ये एकाखाली एक लावून पाहिली, आणि त्यावरून ‘कोबिल्ड’ कोश रचला. त्यातले अर्थही पूर्ण वाक्यांत सांगितलेले आहेत. आपल्याकडे ही दृष्टी अगदीच नवी नव्हती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. त्यात शब्दाबरोबर वाक्प्रचार आणि म्हणीही भेटतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले ते वाक्यांची भाषांतरे करायला लावूनच. परीक्षेच्या गाइडांनी मात्र पुढे शब्दांच्या जोड्यांचे तक्ते आणले, आणि वाक्य मागे पडले.

या तक्त्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या पुस्तकात ते मुद्दाम टाळले आहेत. ‘अफेक्ट म्हणजे परिणाम करणे, इफेक्ट म्हणजे परिणाम’ असे दोन शब्द एकाच ओळीत पाठ केले, की मेंदूत त्यांची गाठ पक्की बसते. पुढे एक आठवला की दुसराही येतो आणि कोणता कुठला ते मात्र सुटून जाते. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अर्थाने जवळजवळचे नवे शब्द एकदम शिकवले, तर एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा ते शिकायला जड जातात. शब्दसंपदेच्या अध्यापनावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन हेही हाच इशारा देत आले आहेत: सारखे शब्द जोडीने शिकवू नका, आधी एक पक्का होऊ द्या. म्हणजे गोंधळ दूर करण्यासाठी केलेला तक्ता गोंधळाला खतपाणी घालतो.

म्हणून इथे ‘इफेक्ट’ एका प्रकरणात आहे आणि ‘अफेक्ट’ बऱ्याच पानांनंतर. ‘इफेक्ट’ आधी घेतला, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. औषधाचा ‘साइड इफेक्ट’ खेड्यातल्या आजीलाही माहीत असतो. त्याच्या आधी ‘ॲन’ किंवा ‘द’ येतो, मागून ‘ऑन’ येतो: पावसाचा पिकावर परिणाम, ‘द इफेक्ट ऑफ रेन ऑन द क्रॉप’. मराठीतला ‘वर’ आणि इंग्रजीतला ‘ऑन’ इथे हातात हात घालून चालतात. हे वाक्य अंगवळणी पडल्यावर ‘अफेक्ट’ भेटतो. तो क्रियापद आहे आणि त्याला मध्ये ‘ऑन’ चालत नाही: ‘द रेन अफेक्टेड द क्रॉप’. मराठी विद्यार्थी इथे ‘अफेक्टेड ऑन’ लिहितो, कारण त्याच्या मनात ‘पिकावर’ असते. त्याची चूक स्पेलिंगची नाहीच, ‘वर’ची आहे. म्हणून या प्रकरणात अर्थापेक्षा त्या ‘ऑन’ला अधिक जागा दिली आहे. ‘इफेक्ट’ क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, बदल घडवून आणणे या अर्थाने. तो प्रकार शेवटी एका परिच्छेदात उरकला आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला आणि सर्वांत मोठा भाग एका मराठी शब्दाच्या पोटात दोन इंग्रजी शब्द दडलेले असतात, त्यांचा. ‘पर्यंत’ त्यातलाच. ‘सावली’ही त्यातलीच. उन्हातून आलेला माणूस झाडाच्या सावलीत बसतो आणि त्याच माणसाची सावली भिंतीवर पडते. पहिली ‘शेड’, दुसरी ‘शॅडो’. ‘शेड’ला आकार नसतो, ती ऊन नसलेली जागा, तिच्यात बसता येते. ‘शॅडो’ला आकार असतो आणि मालक असतो; ती कोणाची तरी असते, लांबते, आखडते, पाठलाग करते. ही वाक्ये वाचून झाल्यावर व्याख्येची गरज उरत नाही. ‘ऐतिहासिक’चेही असेच. ऐतिहासिक कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, कारण ती इतिहासाविषयी आहे. ऐतिहासिक विजय ‘हिस्टॉरिक’, कारण तो स्वतःच इतिहासात जाऊन बसणार आहे. उसने घेणे आणि उसने देणे यांत आपण दिशा ‘घे’ आणि ‘दे’वर सोपवतो, इंग्रजीत ती ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांच्या पोटातच असते. तिथे मागून येणारा ‘फ्रॉम’ की ‘टू’ हे बघितले की दिशा कळते.

दुसरा भाग क्रियापदांच्या जोड्यांचा. ‘राइज’ आणि ‘रेज’, ‘लाय’ आणि ‘ले’ यांनी भल्याभल्यांना छळले आहे. मराठी वाचकाला इथे एक आयती किल्ली मिळते. झाड पडते, आणि कोणीतरी ते पाडते. ‘पडणे’तला स्वर लांबला की दुसऱ्याकडून घडवलेली क्रिया तयार होते, ‘मरणे-मारणे’, ‘तरणे-तारणे’ तशीच. जुन्या इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही असेच, मूळ क्रियापदापासून घडवून आणण्याचे क्रियापद तयार करायची सोय होती, आणि तिच्या खुणा आजही स्वरबदलात दिसतात. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. सूर्य आपण होऊन वर येतो तो ‘राइज’. हात आपण वर करतो तो ‘रेज’. कुत्रे अंगणात पडून असते ते ‘लाय’. सतरंजी आपण अंथरतो ती ‘ले’. ‘काय?’ असा प्रश्न विचारून उत्तर येत असेल तर ‘रेज’ आणि ‘ले’. मात्र ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’ असाच होतो, ही इंग्रजीची खोडी. तिला इलाज नाही, वाक्ये वाचत राहणे एवढाच.

तिसरा भाग कानाचा आणि अक्षरांचा. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आपण कागदावर फरक करतो, बोलताना मात्र तो संदर्भावर सोडून देतो. ही सवय इंग्रजीत नेली की ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’, ‘फिल’ आणि ‘फील’ एक होतात. ‘दादर वेस्टला उतरलो’ आणि ‘अन्न वेस्ट घालवू नका’ यांत मराठी माणूस कधी गोंधळत नाही, कारण संदर्भ पहारा देत असतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र ते दोन वेगळे स्वर आहेत. याउलट काही ठिकाणी कान तारून नेतो. ‘ॲडव्हाइस’ नाम, ‘ॲडव्हाइझ’ क्रियापद. ‘डिव्हाइस’ नाम, ‘डिव्हाइझ’ क्रियापद. ‘प्रूफ’ नाम, ‘प्रूव्ह’ क्रियापद. नामात श्वास, क्रियापदात घोष. ‘लूज’ हा एकच उच्चार करून आपण सैल आणि हरणे दोन्ही भागवतो. सैल तो ‘लूस’, हरणे ते ‘लूझ’, एवढे जिभेला वळण लावले की स्पेलिंगही सुधारते. ‘प्रॅक्टिस’पाशी कान हात टेकतो. तिथे ब्रिटिश पद्धतीत नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’, अमेरिकन पद्धतीत दोन्हींना ‘सी’. एक पद्धत धरावी आणि सोडू नये.

स्पेलिंगच्या जोड्यांना मी फारशी जागा दिलेली नाही. त्या लिहून लिहूनच बसतात. पण एखाद्या शब्दामागची हकीकत ठाऊक असली तर मदत होते. मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळे, एका जागी दुकान मांडून बसलेले पुस्तकविक्रेते ‘स्टेशनर’ म्हणवले जात. त्यांच्या दुकानातला माल तो ‘ई’वाला ‘स्टेशनरी’. जागचे न हलणे तो ‘ए’वाला. दोघे एकाच घरचे निघाले. ‘स्टेशनर’च्या शेवटी ‘ई-आर’ आहे, एवढे लक्षात राहिले की पुरे.

चौथा भाग मराठीत येऊन स्थायिक झालेल्या इंग्रजी शब्दांचा. आपल्या ‘हॉटेला’त मिसळ मिळते, लंडनच्या ‘हॉटेल’मध्ये मुक्काम करतात, आणि खायला लोक ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘कॅफे’त जातात. आपली ‘गॅलरी’ म्हणजे तिथली ‘बाल्कनी’. आपला ‘शंका विचारणे’ हा प्रयोग थेट इंग्रजीत उतरतो आणि विद्यार्थी परदेशी प्राध्यापकाला ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो. त्याला काहीतरी समजून घ्यायचे असते. प्राध्यापकाला वाटते, याचा आपल्या म्हणण्यावर विश्वास बसलेला नाही. तिथे साधे ‘क्वेश्चन’ पुरते. मराठीत ‘हॉटेल’ म्हणणे चूक नाही, आणि ‘प्रीपोन’सारखे भारतीय इंग्रजीत रुळलेले शब्दही मी अशुद्ध मानत नाही. समोर कोण आहे, हे पाहून शब्द निवडावा, एवढेच. समोरचा माणूस हाही संदर्भच.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. वर्षे वाढली, पण वहीतला ‘शब्द-अर्थ’चा रकाना तसाच राहिला. हे पुस्तक त्या रकान्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे: स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, कार्यालयात इंग्रजी पत्रे लिहिणारे, परदेशी शिकायला निघालेले, आणि मुख्यतः शिक्षक. संदर्भाने सगळेच साधते, असा माझा दावा नाही. एका वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधला तर तो फसूही शकतो, आणि नुसते वाचत गेले तर डोळा ओळखीच्या शब्दावरून तसाच घसरत जातो. शब्द चार-पाच निरनिराळ्या वाक्यांत भेटावा लागतो, त्याच्या मागेपुढे काय आहे तिकडे लक्ष द्यावे लागते, आणि मग तो स्वतः वापरून पाहावा लागतो.

म्हणून वाचकांना सुचवणे एवढेच. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचू नका. ज्या शब्दापाशी तुम्ही खरोखर अडता, ते प्रकरण उघडा. तिथली वाक्ये मोठ्याने वाचा, आणि तुमच्या दुकानातले, शेतातले, कचेरीतले एक वाक्य त्याच घडणीत लिहा. शेजारी त्याचे मराठी वाक्य लिहा. जोडीचा दुसरा शब्द निदान आठवडाभर उघडू नका. शिक्षकांनी वर्गात ‘लेंड म्हणजे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘रमेशने सुरेशला सायकल दिली, शनिवारी परत घ्यायची आहे, हे इंग्रजीत सांगा’ असे म्हणावे. मुले चुकतील, एकमेकांना दुरुस्त करतील, आणि सायकल कोणाकडून कोणाकडे गेली यावर वाद घालतील. तो वाद होऊ द्यावा; त्यात ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ दोन्ही शब्द मुलांना स्वतःच्या गरजेपोटी वापरावे लागतात, आणि गरजेपोटी वापरलेला शब्द तक्त्यातल्या शब्दासारखा परीक्षेनंतर विरून जात नाही.